माळ्यावरचा रेडिओ उतरवताना

उपनगरांतल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून सापडतो. आमच्या घाटकोपरच्या घरी दादाजान मरहूम यांचा मर्फी आहे. मर्फीचा कारखाना इथून जवळच, ठाण्याला होता. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज ऐकायला शेजारपाजारचेही आमच्याकडे येऊन बसत, असे फुफी सांगतात.

हल्ली अशा सेटच्या आतले सगळे उपसून लाकडी पेटीत ब्लूटूथ स्पीकर बसवून देतात. आम्हाला ते पटत नाही. पेटी राहते, रेडिओ जातो.

मात्र हौसेपोटी थेट प्लग लावू नका. इतक्या वर्षांत तारांवरचे रबर कडक होऊन गळून पडते. मेण लावलेल्या कागदाचे कंडेन्सर आतून खराब होतात. अशात पूर्ण वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो नव्याने गुंडाळून देणारा कारागीर सहज मिळत नाही. आधी तारा आणि कंडेन्सर बदलावेत. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पदरी वायर आणि फ्यूज घालावा. मग जाणते इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्यावा, म्हणजे साध्या पिवळ्या बल्बमधून रेडिओला वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे.

खरी भीती पुढेच आहे. व्हॉल्व्हला सुमारे २५० व्होल्ट डीसी लागते, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ती वीज साठून राहते. रेझिस्टर लावून ती उतरवावी, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालू नये. मुलांना बघू द्या, पण हातभर लांबून.

काही सेटना मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. एसी आणि डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून ते तसे बनवलेले असत. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट मेनला जोडलेला असतो. त्याला अर्थिंग जोडायचे नाही. बटण निखळून नुसता दांडा उरला असेल तर त्याला हात लागला तरी झटका बसतो. असा सेट घरी उघडू नये, जाणत्या कारागिराकडेच द्यावा.

वीज दिली की आवाज लगेच येत नाही. व्हॉल्व्ह तापून लालसर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागते. मुलांना एवढा धीर नसतो. खिडकीपाशी एरियलची लांब तार सोडा. एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर फार घरघर करतात, म्हणून फुफींच्या बातम्यांच्या वेळी आमच्याकडे सगळे चार्जर भिंतीवरून उतरतात आणि मुलांची कुरकुर सुरू होते.