रुळांच्या अल्याड-पल्याड

बडनेऱ्यात पत्ता विचारला की आधी उलट प्रश्न येतो, जुनी वस्ती की नवी वस्ती? दोहोंच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. एका सरकारी नकाशावर दीडशे वर्षांपूर्वी ओढलेली रेघ गाव आजही असं रोज बोलून दाखवतं.

ती रेघ कापसासाठी होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची भुसावळहून निघालेली लाइन बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. कापसाची मोठी पेठ अमरावतीची, पण तिच्या वाट्याला पुढे सहा मैलांचा फाटा आला. जंक्शन झालं ते बडनेरा. गाव मात्र रुळांहून कितीतरी जुनं. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या एका शहजादीला ते आंदण मिळालं, म्हणून त्याला ‘बडनेरा बीबी’ म्हणत.

रुळांशी ताडून पाहायला अमरावतीचा परकोट, म्हणजे शहराभोवतीची तटबंदी, आठवा. पेंढाऱ्यांपासून पेठ वाचवायला हैदराबादच्या निजामाच्या अमलात १८०७ पासून तो बांधला. लांबी सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. मोहरमच्या दंगलीत जिथे माणसं कापली गेली ती खिडकी आजही ‘खुनारी’च. भिंत बांधणाऱ्यानेही वस्ती अडवलीच, पण माणसं कुठून आत येणार, कुठून बाहेर पडणार, हे त्याने दगडात ठरवून दिलं. रुळांची आखणी करणाऱ्यांनी चढ पाहिला, नाले पाहिले, मालधक्क्याची जागा पाहिली. दोन्हीकडच्या माणसांच्या जाण्यायेण्याचा विचार त्यात पहिला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नगररचनेवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. अमरावतीत साहेबांचा कॅम्प ऐसपैस वसला आणि पेठ परकोटात दाटत गेली, त्यामागेही तीच नजर होती.

तरीही त्या काळचे सरकारी नकाशे मला जिवापाड मोलाचे वाटतात. वऱ्हाडात महसुली मोजणी १८६१ साली सुरू झाली. त्या मोजणीतलं जुनं टिपण, म्हणजे एकेका शेताचा मापांचा कागद, कधी हातात घेऊन पाहा. शेताच्या मधून एक आडवी रेघ, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतची मापं, कडेला शेजारच्या शेतांचे नंबर. नाला कुठून वाहत होता, पांदण कुठे निघत होती, हे असल्या कागदांवरूनच कळतं. आज पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, याचं उत्तर बरेचदा त्यांत सापडतं.

बडनेरा आता अमरावती महापालिकेत आहे. विकास आराखडा करताना नव्या नकाशाशेजारी जुना ठेवा, आणि दोन्ही वस्त्यांतल्या लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावा. एकोणिसाव्या शतकात गावाला कुणी विचारलं नाही. या वेळी विचारा.