चित्रात रस्ता होता

परवा रविवारी सकाळी पुतणी घरी आली. मुंबईत ती एका कार्यक्रम-आयोजन कंपनीत आहे. एखाद्या मालाचे नाव लोकांच्या मनात ठसावे म्हणून नुसती जाहिरात न करता त्यांना त्या मालाच्या दुनियेतच तासभर फिरवून आणायचे, हा तिचा व्यवसाय. चहा व्हायच्या आतच तिने लॅपटॉप उघडला.

''काका, रेंडर बघा. मसाल्याच्या एका कंपनीसाठी करतोय.''

पडद्यावर एक दालन उलगडले. दाराशी हळदीच्या रंगाचा बोगदा, पुढे लाल मिरच्यांच्या माळांचे छत, मधोमध पुरुषभर उंचीचा पितळी खलबत्ता. फरशीवर कवडसेसुद्धा पडलेले. मी विचारले, ''छान झालाय गं. कधी झाला कार्यक्रम?''

''अजून एक खिळाही ठोकलेला नाही, काका!''

मग तिने मला समजावले. सभागृहाची मापे घेऊन संगणकात त्याचा सांगाडा उभा करायचा. त्यावर लाकूड, कापड, पितळ चढवायचे. दिवे कुठे आणि किती प्रखर, ते ठरवायचे. उजेड कशावर पडून कुठे परतेल याचा हिशेब संगणक करतो आणि छायाचित्रच वाटावे असे चित्र हाती देतो. यातली सोय उघड आहे. पडद्यावरची भिंत क्षणात सरकते. प्लायवूडची भिंत हलवायची तर सुतार, मजुरी आणि एक रात्र जाते. शिवाय मालक, सुतार आणि दिवेवाला या तिघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र राहते.

एवढ्यात आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. चष्मा सावरून त्यांनी चित्र न्याहाळले आणि विचारले, ''यात आजीनं बसायचं कुठं?''

पुतणी गप्प झाली. मला मात्र माझी जुनी शाखा आठवली.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. मंगल कार्यालयासाठी कर्ज मागायला एक गृहस्थ आले. सोबत जलरंगातले सुबक चित्र होते. कमान, कारंजे, अशोकाची झाडे आणि थेट कमानीपर्यंत आलेला डांबरी रस्ता. मी शिफारस केली. इमारत उभी राहिली, पण रस्ता काही झाला नाही. ती पट्टी शेजाऱ्याच्या मालकीची होती आणि त्याने ती दिली नाही. चित्रात रस्ता होता, सातबाऱ्यावर नव्हता. चिखल तुडवत वरात कोण नेणार? कर्ज थकले. मला मेमो मिळाला, पण त्या गृहस्थांचे राहते घर गेले. ते लबाड नव्हते. रोज ते चित्र पाहून त्यांचा स्वतःचाच त्या रस्त्यावर विश्वास बसला होता.

चित्र दाखवून पैसे उभे करण्याची ही रीत जुनी आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नेने हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून एका शनिवार-रविवारात डिस्नेलँडचे विहंगम चित्र काढून घेतले. ते घेऊन भाऊ रॉय न्यूयॉर्कला गेला. पुढे १९५४ मध्ये एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले आणि पंचेचाळीस लाखांच्या कर्जाला हमी दिली. १७ जुलै १९५५ ला उद्घाटन झाले. बनावट पासांमुळे गर्दी लोटली, उन्हाने नवे डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचीही वानवा झाली. चित्रात ऊन नव्हते, तहान नव्हती.

डिस्नेने चुका निस्तरल्या, कारण उद्यान तिथेच राहणार होते. चार दिवसांचा मांडव आवरून निघून जाणाऱ्यांचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लासगोत एका चॉकलेट-नगरीची तिकिटे विकली गेली. किंमत पस्तीस पौंडांपर्यंत. जाहिरातीतली झगमगती चित्रे यंत्राच्या कृत्रिम बुद्धीने रंगवलेली होती. मुले पोचली ती जवळजवळ रिकाम्या गोदामात. काहींना रडू आवरेना. शेवटी पोलीस आले.

बँकेत निदान जामीन, तारण आणि पंचनामा तरी असतो. मुलाबाळांना घेऊन तिकीट काढणाऱ्या बापाकडे तारण म्हणून असते ते फक्त चित्र. म्हणून मला वाटते, रेंडर ही एक प्रकारची वचनचिठ्ठीच मानली पाहिजे. मालकाला दाखवायचे चित्र कितीही स्वप्नाळू असो. तिकीट विकण्यासाठी छापलेल्या चित्राखाली 'हे काल्पनिक आहे' असे ठळक लिहावे, आणि चित्रातले जे मिळणार नाही ते विक्रीपूर्वीच सांगावे.

आणि चित्र करणाऱ्यांनीही एवढे करावे. छताच्या कोपऱ्यातून पाहिले की कुठलेही दालन ऐसपैस दिसते. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहावे. चार सडपातळ तरुणांऐवजी खरी गर्दी भरावी. कडेवरचे मूल, काठी टेकणारे आजोबा, पाण्याचा पिंप, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा, सगळे काढावे. यातले जे चित्रात मावत नाही, ते बहुधा सभागृहातही मावणार नाही. आणि हे कळायला पडद्याइतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

बुधवारी पुतणीने नवे चित्र पाठवले. खलबत्ता थोडा लहान झाला आहे. त्याच्या बाजूला एक लांब बाक आहे आणि त्यावर नऊवारीतल्या एक आजी टेकल्या आहेत.

सौ.नी ते चित्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ''आता जाऊ या हो.''