सुईची भीती आणि सुजलेला गाल

डिलाईल रोडला राहणाऱ्या माझ्या खालाची दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात चल म्हटलं की ती म्हणे, "अगं, ती सुई बघूनच माझा जीव जातो." लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून तिने पंधरा दिवस काढले. गाल सुजला, तोंड उघडेना, तेव्हा कुठे तयार झाली. डॉक्टरांनी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, तरी दाढेला हात लावताच ती कळवळली. "बघ, सुईचा काही उपयोग नाही!" असं मलाच सुनावू लागली.

भगिनींनो, दोष सुईचा नव्हता, उशिराचा होता.

दातापासून मेंदूकडे नस जाते. तिच्या आवरणात सूक्ष्म दारं असतात. ती उघडून सोडियमचे कण आत शिरले की वेदनेचा निरोप पुढे सरकतो. इंजेक्शनमधलं लिडोकेन ही दारं आतून अडवून धरतं. आपला डिलाईल पूल आठवा. २०१८ साली तो बंद झाला, पूर्ण खुला व्हायला २०२३ उजाडलं. दोन्हीकडची वस्ती जागच्या जागी होती, फक्त पुलावरून जाता येत नव्हतं. नसेचंही तसंच. ती मरत नाही. काही तासांत औषध रक्तावाटे निघून जातं, यकृतात त्याचं विघटन होतं आणि संवेदना परत येते.

मग खालाला का दुखलं? या औषधाची दोन रूपं असतात. एक नसेच्या आवरणातून आत जाऊ शकतं, दुसरं नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे आत न जाणारं रूपच जास्त होतं. औषध बाहेरच अडकतं. लवंगेतलं युजेनॉलही थोडं बधिर करतं, म्हणून बरं वाटतं; पण कीड आत वाढतच राहते.

डॉक्टरांनी आधी पू काढला, गोळ्या दिल्या. सूज उतरल्यावर पुन्हा इंजेक्शन दिलं आणि दाढ काढली. खालाला नुसता दाब जाणवला, कारण दाबाची जाणीव नेणारे जाड तंतू सहजासहजी बधिर होत नाहीत.

सुई घेण्याआधी रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, चालू औषधं आणि पूर्वी झालेला त्रास डॉक्टरांना जरूर सांगा. औषध जास्त वेळ टिकावं म्हणून त्यात बहुधा अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्याने क्षणभर धडधडू शकतं. बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नको. मुलं बधिर ओठ चावत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा.

घरातली थोर माणसं दुखणं लपवतात. दस्तरख्वानावर कुणी एकाच बाजूने चावताना दिसलं, तर त्याच दिवशी विचारा. दुखेल म्हणून दवाखाना टाळला, तर दुखणंच वाढतं. वेळेवर गेलात, तर इन्शाअल्लाह एका टोचणीवर निभावेल.