पाटी आणि साडेबारा टक्के

विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्या, म्हणून जून २०२१ मध्ये आमच्या पनवेल-उरणची माणसे हजारोंनी रस्त्यावर उतरली. मागणी रास्तच. तरी मला वाटते, दिबांचे खरे स्मारक साडेबारा टक्क्यांच्या कागदात आहे.

जासईचा हा मुलगा वकील झाला. शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलहून पाच वेळा आमदार, १९७७ आणि १९८४ मध्ये खासदार. पण घरोघरी नाव पोचले ते जानेवारी १९८४ च्या आंदोलनाने. सिडकोच्या शहरासाठी गेलेल्या भातजमिनींचे योग्य मोल मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाच जण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. जमीन देणाऱ्याला शहरातच वाटा!

आम्ही काय केले? अनेकांनी तो वाटा बिल्डरला विकला, गाड्या घेतल्या, हळदी गाजवल्या. दोष तरी किती द्यावा? भूखंड हाती पडेपर्यंत वर्षे गेली. शेत गेलेले, नोकरी नाही.

दिबा २०१३ मध्ये गेले. विमाने २०२५ च्या नाताळात उडू लागली. धावपट्टीसाठी उठलेल्या गावांतली किती मुले तिथे कामाला लागली, हे मी पाटीइतक्याच आग्रहाने विचारणार आहे.