श्वानाचा माग आणि न्यायाची कसोटी

‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ घरफोडी किंवा खुनाच्या बातमीतील हे वाक्य वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु तो माग रस्त्यावर न थांबता एखाद्याच्या दारापाशी थांबला तर काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९६९ मध्ये महाराष्ट्रातील रेल्वे घातपाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरील तीन आक्षेपांची नोंद घेतली. श्वान शपथेवर साक्ष देत नाही, म्हणून त्याची उलटतपासणी अशक्य. त्याच्या वतीने श्वान हस्तक जे सांगतो, ती ऐकीव माहिती. आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर अवलंबून असू नये. तपासात श्वानांची मदत घेण्यास हरकत नाही, पण न्यायनिवाड्याला ती जोखीम परवडणारी नाही, असे याच न्यायालयाने २००१ मध्ये आंध्र प्रदेशातील खटल्यात स्पष्ट केले.

माग काढण्यात ब्लडहाउंडची ख्याती सर्वाधिक. अमेरिकेतील अनेक राज्यांत त्याने काढलेला माग पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. मात्र श्वानाचे प्रशिक्षण, मागाचा ताजेपणा आणि इतर पुराव्यांची जोड या अटींवर. तरीही तिथे ठेच लागलीच. टेक्सासमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्या ब्लडहाउंडनी संशयितांच्या गंधाची ‘ओळख’ पटवली आणि त्या आधारे खुनाची शिक्षा झाली. २०१० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवले. केवळ गंधाच्या ओळखीवर दोषसिद्धी टिकत नाही, असा निर्वाळा दिला.

दोष श्वानाच्या नाकात असतोच असे नाही. घटनास्थळी बघ्यांची गर्दी होते, वस्तू हाताळल्या जातात, पाऊस पडतो, वेळ जातो. हस्तकाच्या मनातील संशय त्याच्या नकळत हालचालींतून श्वानापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय एखाद्याचा गंध घटनास्थळी सापडला, तरी तो तिथे कधी आणि कशासाठी आला होता, हे श्वान सांगत नाही. घरकाम करणारी बाई, बांधकामावरील मजूर, दूधवाला यांचा वावर तर रोजचाच. म्हणूनच संशयाची सुई आधी त्यांच्याकडे वळण्याचा धोका अधिक.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळ भेट व चित्रीकरण बंधनकारक केले आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. गोव्यासारख्या आटोपशीर राज्याने ती पुरती वापरण्याचे कारण नाही. श्वानपथकाचे कामही याच शिस्तीत यायला हवे. गंध कोणत्या वस्तूवरून दिला, ती कोणी हाताळली, श्वान किती वेळाने पोहोचले, कोणत्या वाटेने गेले, याचे अखंड चित्रीकरण झाले, तर पोलिसांचा तपास बळकट होईल आणि निरपराधालाही बचावाचा आधार मिळेल.

श्वान दिशा दाखवते. त्या दिशेला ठसे, डीएनए वा मुद्देमाल शोधणे हे पोलिसांचे काम आहे. ते न करता केलेली अटक न्यायालयात टिकत नाही, आणि तोवर एका घराची अब्रू गेलेली असते.