घरमालकास मोबदला, भाडेकरूस नोटीस

अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचे शहर आहे. या शहराच्या मध्यभागास लागूनच क्वीन्सगेट हा विभाग आहे. तेथे आज गोदामे आहेत, कारखाने आहेत, मालगाड्यांचे मोठे यार्ड आहे आणि या साऱ्यांच्या कडेने आय-७५ हा महामार्ग धावतो. परक्या माणसास वाटावे, ही जागा पहिल्यापासून उद्योगधंद्यांचीच असली पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत याच जमिनीवर दाट वस्ती नांदत होती आणि तेथून २५,७३७ माणसे उठविण्यात आली. त्यांपैकी शेकडा ९७ माणसे कृष्णवर्णीय होती.

ही माणसे तेथे राहावयास कशी आली, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ओहायो नदीच्या दक्षिण तीरावरील केंटकी हे गुलामगिरीचे राज्य होते. उत्तर तीर मुक्त होता. पुढे विसाव्या शतकात दक्षिणेतील जुलमाला आणि दारिद्र्याला कंटाळून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या शहरांत आली. परंतु शहरात आल्यावर त्यांना घर कोठे मिळणार? चांगल्या वस्त्यांतील खरेदीखतांतच अट लिहिलेली असे की, हे घर कृष्णवर्णीयास विकू नये. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोपर्यंत वस्त्यांच्या सीमा पक्क्या होऊन गेल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरासाठी कर्ज देणे सरकारी यंत्रणेनेच धोक्याचे ठरविले होते. (वेशीबाहेरच्या वस्तीस खरेदीखतही लागत नसे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.) म्हणून जे आले ते वेस्ट एन्ड या जुन्या भागात एकावर एक दाटीने राहिले. घरमालकांनी भाडे घेतले आणि डागडुजी केली नाही. मग एके दिवशी त्याच वस्तीस सरकारी कागदांत ‘बकाल वस्ती’ असे नाव पडले.

घरे मोडकळीस आली होती, हे आम्ही नाकारीत नाही. अनेक बिऱ्हाडांस स्वतंत्र संडास वा स्नानगृह नव्हते. परंतु माणसांना एका कुंपणात कोंडावयाचे, कर्ज नाकारावयाचे आणि घर मोडले की ‘पाहा, या लोकांना नीट राहता येत नाही’ असे म्हणावयाचे, हा कोठला न्याय? रोग ज्यांनी लावला त्यांनीच वैद्य म्हणून यावे आणि औषध म्हणून रोग्यालाच घराबाहेर काढावे, असा हा प्रकार झाला.

कायद्याचे बळही त्यांच्या हाती आले होते. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा वस्त्या पाडण्याच्या निव्वळ खर्चाचा दोनतृतीयांश भाग मध्यवर्ती सरकार देऊ लागले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांचा शेकडा ९० खर्च त्याच तिजोरीतून येऊ लागला. १९५४ सालची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तो निकाल जगभर गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने असाही निकाल दिला की, एखादा भाग सुधारावयाचा असल्यास त्यातील सुस्थितीतील इमारतसुद्धा सरकारने घेऊन पाडण्यास हरकत नाही. मे महिन्याचा निकाल सर्वांस पाठ आहे. नोव्हेंबरचा कोणास आठवतो?

सिनसिनाटीच्या नगररचनेच्या १९४८ च्या आराखड्यातच वेस्ट एन्ड साफ करण्याची आणि त्यातून महामार्ग नेण्याची योजना होती. योजनेस दोन रस्त्यांच्या नावांवरून ‘केन्यन-बार’ असे नाव देण्यात आले. रहिवासी आपल्या वस्तीस त्या नावाने ओळखत नव्हते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने हाक मारली गेली, त्यांना या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही.

पाडापाडीपूर्वी नगरपालिकेने सुमारे २,८०० इमारतींची छायाचित्रे काढविली. अनेक छायाचित्रांत एक नोकर इमारतीपुढे क्रमांकाची पाटी धरून उभा आहे. पायरीवर, खिडकीत, फुटपाथवर घरची माणसे, पोरेबाळे दिसतात. पण छायाचित्र त्यांचे नव्हे, ते मिळकतीचे. मिळकतीची किंमत ठरवावयाची होती, आणि किंमत मिळणार होती मालकास. जो मालक होता, गोरा असो वा काळा, त्यास जमिनीचा आणि इमारतीचा मोबदला मिळाला. परंतु बहुसंख्य माणसे भाडेकरू होती. त्यांची मिळकत कोणती? शेजार, उधार देणारा दुकानदार, पायी जाण्याजोगे काम, चर्च, मुलाची शाळा. या गोष्टींवर कोणी क्रमांकाची पाटी धरली नाही. घर सोडणाऱ्या भाडेकरूसही पुनर्वसनासाठी साहाय्य मिळालेच पाहिजे, असा देशव्यापी कायदा १९७० साली झाला. तोपर्यंत क्वीन्सगेटची वस्ती केव्हाच भुईसपाट झाली होती.

उठलेली कुटुंबे ॲव्हनडेल, वॉलनट हिल्स, एव्हन्स्टन अशा भागांत पांगली. तेथेही वाट मर्यादितच होती. म्हणून तेथेही दाटी झाली, तेथेही घरांचे तुकडे झाले आणि भाडी चढली. १९६७ आणि १९६८ साली ॲव्हनडेलमध्ये दंगली उसळल्या, तेव्हा ‘हे लोक असेच’ म्हणणारे पुष्कळ निघाले. ही दाटी कोणी केली, हे विचारणारे थोडे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागविली होती. तिकडच्या लढ्याची कागदपत्रे आपल्या हाती असावीत, असे त्यांना वाटले. सिनसिनाटीचे हे कागदही आपण वाचावेत, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने. सुधारणेची योजना घेऊन जो कोणी आपल्या दाराशी येईल, त्यास विचारावयाचा पहिला प्रश्न त्यांत आहे: या यादीत आम्ही आहोत, की केवळ आमचे छप्पर आहे?

सिनसिनाटीच्या नगरपरिषदेने २०२३ साली या विध्वंसाबद्दल रीतसर माफीचा ठराव केला. ठराव झाला हे चांगलेच झाले. साठ वर्षांनी का होईना, दोष कोणाचा हे कागदावर आले. पण ज्यांच्याजवळ खरेदीखत नव्हते, केवळ भाड्याच्या पावत्या होत्या, त्यांच्या नातवंडांस त्या जमिनीच्या पुढील योजनेत आवाज मिळावा, अशी आमची मागणी आहे. इमारतींची ती छायाचित्रे आज शहराच्या युनियन टर्मिनल या जुन्या रेल्वे स्थानकातील संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ते स्थानकही क्वीन्सगेटमध्येच आहे.