कमाटीबागेची भाषा कोणती?

आम्हा सीमाभागातील लोकांपुढे वडोदऱ्याचे उदाहरण वारंवार ठेवले जाते. तिथे मराठी आणि गुजराती कशा गुण्यागोविंदाने नांदतात, तुम्हालाच भांडणाची एवढी हौस का, असा त्यातला सूर. वडोदऱ्यात भांडण नाही, हे खरेच आहे. पण म्हणून तिथली मराठी सुखरूप आहे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. सयाजीबागेकडे, म्हणजे वडोदरेकरांच्या कमाटीबागेकडे, जरा निरखून पाहावे.

विश्वामित्रीच्या काठी ही बाग 1879 मध्ये खुली झाली. कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते. हे माधवराव तंजावरकडचे मराठी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या समाजातले. बागेच्या आसपास सयाजीगंज, फत्तेगंज, प्रतापगंज. नदीच्या पूर्वेला शहराकडे वळले की रावपुरा आणि मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेला दांडिया बाजार. प्रवेशाशी सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याला सारे शहर ‘काळा घोडा’ म्हणते. एवढे असूनही मराठीला तिथे ‘पाहुणी’ म्हणणारे विद्वान आढळतात! दमाजी गायकवाडांनी 1734 मध्ये वडोदरे कायमचे ताब्यात घेतले. इतकी वर्षे मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याचे नाव शिधापत्रिकेवर चढवायला हरकत नसावी. शिवाय 30 एप्रिल 1960 पर्यंत वडोदरे आणि पुणे एकाच मुंबई राज्यात होते. वडोदरेकर मराठी माणूस सीमा ओलांडून गेला नाही. दुसऱ्या दिवशी सीमाच त्याच्या आणि आपल्या मध्ये आली.

अशा बागेत इतिहास सांगणारा मराठी फलक असावा, असे म्हटले की उत्तर ठरलेले असते: किती भाषांत लिहायचे? या प्रश्नाचे उत्तर बडोदे संस्थानाने 1931 मध्येच देऊन ठेवले आहे. त्या वर्षी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा कोश निघाला. त्यात इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. आठ भाषांचा कोश काढणाऱ्या राजाच्या बागेत तिसऱ्या भाषेतल्या चार ओळी लिहिणे अवघड जावे, हे पटण्यासारखे नाही. भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या 1956 च्या निवेदनात सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत काढण्यासाठी 15 ते 20 टक्के लोकसंख्येची अट आहे. वडोदऱ्यात ती पुरी होणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण फलकाची मागणी लोकसंख्येवर नव्हे, इतिहासावर उभी आहे.

महाराष्ट्राची जबाबदारीही सांगितली पाहिजे. 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार मराठी साहित्य संमेलने वडोदऱ्यात भरली. मांडव उठला की आपलेही लक्ष उठते. उरते ती वडोदरी बोलीची थट्टा: हिच्यात गुजराती फार. तीनशे वर्षे शेजारणीशी बोलून शब्द बदलले नसते, तरच ते नवल ठरले असते. बेळगावची मराठी कानडीचा हेल घेते, तेव्हाही पुणेकर असेच हसतात. ही थट्टा ऐकून घरातली पोरे चारचौघांत मराठी बोलायला लाजू लागतात. भाषेची खरी हानी होते ती इथे.

आता फलकापेक्षा मोठी गोष्ट. बागेत संध्याकाळी जी मुले येतात, त्यांच्यातली मराठी घरांतली किती मुले मराठी लिहू शकतील? संविधानाच्या अनुच्छेद 350क नुसार प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. एका वर्गात 10 किंवा संपूर्ण शाळेत 40 विद्यार्थी असले की सोय करावी, असे सूत्र त्याच 1956 च्या निवेदनात आहे. म्हणजे दहा मुले! रावपुरा आणि दांडिया बाजार मिळून दहा मुले निघणार नाहीत, असे कोणी म्हणू नये. निघत नाहीत त्या दहा पालकांच्या सह्या. बेळगावात आम्ही मोर्चे काढतो आणि घरी येऊन नातवाचा प्रवेश इंग्रजी शाळेत घेतो, तेव्हा आम्हीही वडोदरेकरांहून वेगळे नाही.

तेव्हा वडोदऱ्यातील बंधुभगिनींनो, जूनपूर्वी दहा नावांचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार आला तर तोही लेखीच मागा. त्या कागदाची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जाऊ द्या.